प्रतिसाद: पाचची तीन नाणी म्हणजे 'तीन रुपये'?

वर विचारलंय की पोरगं पाचची तीन नाणी 'तीन रुपये' मोजतं, काय करावं. चूक अगदी स्वाभाविक आहे. ते नग मोजतंय, किंमत नाही. प्रत्येक पाचच्या नाण्याखाली एक-एकचे पाच बंदे मांडून द्या आणि बोट ठेवून 'पाच, दहा, पंधरा' म्हणायला लावा. आठवडाभरानं खालचे बंदे काढून घ्या. मिसळ चिल्लर असेल तर मोठं नाणं आधी: दहा, पंधरा, सतरा, अठरा. लहानापासून सुरू केलं की हमखास अडकतात.

आकारावरून ओळखायला शिकवू नका. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणं आणि त्याआधीचं एकचं, दोन्ही २५ मिलीमीटरचीच. आकडाच वाचायला लावा. विसाचं मात्र बारा कोनांचं, ते हाताला कळतं.

नोटांचं उलट, तिथं रंगच फसवतो. नवी वीसची हिरवट पिवळी, दोनशेची पिवळी. पिवळी म्हणजे वीस असं पाठ केलं की घोळ झालाच. वेरूळ दिसलं की वीस, सांचीचा स्तूप दिसला की दोनशे. वाचता येणाऱ्याला मागच्या भाषापट्टीत वरून आठवी ओळ दाखवा, मराठी तिथं आहे.

खेळण्यातल्या नोटा नकोतच. कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत दहाची कोथिंबीर घ्यायला वीस द्या, पण सकाळच्या गर्दीत नको, भाजीवाल्या मावशी वैतागतात. आणि तीन वर्षांखालच्याच्या हाती नाणी नकोत, थेट तोंडात जातात.