नगरपरिषदेच्या वीजबचतीसाठी पुरस्काराचा प्रस्ताव: पुरावा काय जोडायचा, आणि बदली झालेल्या मुख्याधिकाऱ्यांचं श्रेय कसं नोंदवायचं?

पाणीपुरवठा_अभियंता
नमस्कार. आमची 'ब' वर्ग नगरपरिषद आहे. महाऊर्जाच्या (राज्याची ऊर्जा विकास संस्था) राज्यस्तरीय ऊर्जा संवर्धन पुरस्कारासाठी प्रस्ताव तयार करतोय. झालेली कामं अशी: जॅकवेलवरच्या (पाणी उपसायच्या विहिरीवरच्या) तीनपैकी दोन १०० अश्वशक्तीच्या व्हर्टिकल टर्बाइन पंपांच्या जागी नवे बसवले, तिसरा जुनाच स्टँडबाय आहे. पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर पॅनेल बसवलं. १५० वॅटचे १२०० सोडियम दिवे काढून ७० वॅटचे एलईडी लावले.

दोन अडचणी आहेत. जॅकवेलच्या बिलातले युनिट जेमतेम १४ टक्क्यांनी कमी दिसतात, कारण पाणी रोज ८ दशलक्ष लिटरवरून ९.५ वर गेलंय. आणि हे सगळं ज्यांनी लावून धरलं त्या मुख्याधिकारी मॅडमची बदली झाली. पुरस्कार संस्थेच्या नावाने मिळतो, मग त्यांचं आणि पंप ऑपरेटरांचं नाव कुठे येणार?

ऊर्जा_लेखापरीक्षक
बिलाची टक्केवारी पुढे करूच नका. एक दशलक्ष लिटर पाण्याला किती युनिट लागले, हा आकडा मांडा. बहुतेक प्रस्ताव इथेच पडतात: पाणी वाढलेलं असतं, बचत झालेली असते, पण कागदावर ती दिसतच नाही.

आधी रोज साधारण २५०० युनिट जात असतील तर ८ ने भागून ३१२ येतात. आता २१५७ असतील तर ९.५ ने भागून २२७. म्हणजे दर दशलक्ष लिटरमागे ८५ युनिट वाचले. ते ९.५ ने आणि ३६५ ने गुणा, वर्षाला सुमारे २.९५ लाख युनिट होतात. हीच तुमची खरी बचत. यातले आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे स्वतःचे घाला.

पुढची पायरी म्हणजे पंपाची कार्यक्षमता. एक दशलक्ष लिटर पाणी एक मीटर उचलायला तत्त्वतः २.७२५ युनिट लागतात. एकूण हेड (पंपाला पाणी जितक्या उंचीइतकं ढकलावं लागतं ती, मीटरमध्ये) ५५ मीटर धरलं तर १५० युनिट. १५० भागिले ३१२ म्हणजे मोटरसह कार्यक्षमता ४८ टक्के, आणि १५० भागिले २२७ म्हणजे ६६ टक्के. तपासणाऱ्या समितीला हे दोन आकडे लगेच पटतात, कारण ते त्यांना स्वतः करून पाहता येतात.

हेड मात्र नीट मोजा. डिलिव्हरीच्या प्रेशर गेजचं वाचन (एका किलोला १० मीटर) अधिक जॅकवेलमधल्या पाण्याच्या पातळीपासून गेजच्या मध्यापर्यंतची उभी उंची. ही उंची धरायची हमखास राहून जाते. पावसाळ्यात धरण भरलेलं असताना पाणी काही मीटर वर येतं आणि पंप आपोआप 'सुधारलेला' दिसतो. म्हणून आधीची मे महिन्याची आणि नंतरची सप्टेंबरची मोजणी शेजारी ठेवू नका. तेच दोन महिने घ्या, नाहीतर दर मीटर हेडमागचे युनिट काढा.

प्रवाह क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक मीटरने मोजा. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या १० पट आणि नंतर ५ पट सरळ लांबी हवी. बेंडला किंवा व्हॉल्व्हला चिकटून मोजलंत तर वाचन नाचत राहतं. आतून गंज चढलेल्या जुन्या पाइपात भिंतीची जाडी चुकीची भरली तरी प्रवाह चुकतो. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक बोलावून त्याच्या सहीनिशी अहवाल जोडा.

पाणीपुरवठा_अभियंता
पंप बदलण्याआधी प्रवाह मोजलाच नव्हता. एकूण पाणी मोजणारा बल्क मीटर तेव्हा बंद होता. लॉगबुकात फक्त तास आहेत.

ऊर्जा_लेखापरीक्षक
जुना पंप स्टँडबाय आहे ना? त्याच्यावरच चाचणी घ्या. तो एकटा चालवा, प्रवाह, हेड आणि किलोवॅट एकाच वेळी नोंदवा, मग नव्या पंपांपैकी एक तसाच एकटा चालवून पाहा. त्याच्या जोडीला बदलाआधीच्या १२ महिन्यांची हायटेन्शन बिलं आणि लॉगबुकातले तास लावा. तिन्ही एकमेकांशी जुळले की आधीची पातळी भक्कम होते. जुना पंप भंगारात जायच्या आधी हे उरका.

आणि कपॅसिटरची बचत युनिटमध्ये मिळवू नका. हायटेन्शनला १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग आहे, म्हणजे बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटवर नाही तर पॉवर फॅक्टर धरून येणाऱ्या आकड्यावर लागतं. पॉवर फॅक्टर ०.८८ वरून ०.९९ झाला तर बिलातले केव्हीएएच सुमारे ११ टक्क्यांनी उतरतात, पण मोटर तेवढंच काम करते. रुपयांची बचत म्हणून ती वेगळ्या ओळीत दाखवा. पंप बंद असताना कपॅसिटर लाइनवर राहतो का, तेही बघून घ्या. राहत असेल तर लीडिंगमुळे (पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला गेल्यामुळे) तिथेही केव्हीएएच चढतात.

दिवाबत्ती_विभाग
दिव्यांचा हिशेब बरेच जण असा करतात: १५० वॅटचा सोडियम चोकसह १७० घेतो, एलईडी ७०, फरक १०० वॅट. गुणिले १२०० दिवे, गुणिले वर्षाचे ४०१५ तास (रोज ११ धरून), झाले ४.८२ लाख युनिट. पण आधी पाचातला एक दिवा बंद असेल तर जळणारे ९६० च होते. मग आधीचा भार १६३ किलोवॅट, आताचा ८४, आणि बचत सुमारे ३.१८ लाख. समिती हाच प्रश्न विचारते. आधीच्या तक्रार नोंदवहीतून बंद दिव्यांचं प्रमाण काढा आणि दोन्ही आकडे स्पष्ट लिहा. नागरिकांना मिळालेला जादा उजेड ही स्वतंत्र जमेची बाजू आहे, ती बचतीत कालवू नका. ज्या फिडरना (दिव्यांना वीज देणाऱ्या लाइनना) मीटर नाहीत ते हिशेबातून वगळलेले बरे.

आस्थापना_टेबल
श्रेयाचं सांगतो, कारण ते तितकंच महत्त्वाचं आहे. प्रस्तावात 'मा. मुख्याधिकारी यांच्या मार्गदर्शनाखाली' एवढं लिहून काही होत नाही. निर्णय कुणी घेतला ते कागदांतून दिसलं पाहिजे: विषय कुणी मांडला ती टिपणी, सर्वसाधारण सभेचा ठराव, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, कार्यादेश. प्रत्येकाचा क्रमांक, दिनांक आणि त्या वेळच्या अधिकाऱ्याचं नाव-पदनाम असलेला एकपानी तक्ता करून जोडा. त्याच तक्त्यात ऑपरेटर आणि वायरमन यांची नावं कामासकट लिहा: लॉगबुक कुणी ठेवलं, फिडरनिहाय दिवे कुणी मोजले.

पुरस्कार मिळो न मिळो, सभेत अभिनंदनाचा ठराव घ्या आणि त्याची प्रत मॅडमच्या सध्याच्या कार्यालयाला व नगरपरिषद प्रशासन संचालनालयाला पाठवा. गोपनीय अहवालाच्या स्वयंमूल्यमापनात आकड्यांसह लिहायला त्यांना हीच प्रत उपयोगी पडते. ठरावात 'उल्लेखनीय कार्य' असं मोघम नको, '३१२ वरून २२७ युनिट प्रति दशलक्ष लिटर' असं लिहा.

जाहीर सत्कार करायचा विचार असेल तर थांबा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही. पंप किंवा दिवे पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या खर्चाने तर अजिबात नको, चांगल्या अधिकाऱ्याच्या नावाला उगाच बट्टा लागतो.

पाणीपुरवठा_अभियंता
सगळ्यांचे आभार. जुन्या पंपाच्या चाचणीसाठी लेखापरीक्षकाला पत्र काढतो. एक शंका: हेच आकडे राज्य शासनाच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात चालतील का?

आस्थापना_टेबल
चालतील, अग्नी म्हणजे ऊर्जेच्या तत्त्वाखाली. तिथे गुणांकन त्या वर्षीच्या टूलकिटप्रमाणे (निकषांच्या पुस्तिकेप्रमाणे) होतं, म्हणून काम कोणत्या कालावधीत पूर्ण झालं ते दाखवणारा दाखला वेगळा लावा. तोच फोटो, तीच बिलं दोन्हीकडे चालतात, फक्त आकडे दोन्ही ठिकाणी तंतोतंत सारखे ठेवा.