चित्रकार दलालांच्या मुखपृष्ठांचे जुने दिवाळी अंक कुठे मिळतील?

मुखपृष्ठवेडा: दीनानाथ दलालांचे पन्नास-साठच्या दशकातले 'दीपावली' अंक हवेत. बजेट पंधराशे, त्यात दोन-तीन तरी यावेत. कुठे शोधू? सांभाळायचे कसे?

पेठी पुणेकर: पंधराशेत? बरं. रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. विक्रेत्यासमोर 'दलाल' हा शब्द काढू नका, भाव तिथंच दुप्पट होतो. मुखपृष्ठ फाटलेलं असेल तर फुकटही घेऊ नये.

दादरकर: दलाल सगळेच मागतात. चित्रकार रघुवीर मुळगावकरांचे 'रत्नप्रभा' अंक बघा. देवादिकांची चित्रं काढावीत तर त्यांनीच. माझ्याकडे गठ्ठा आहे, विकायचा नाही.

म्हापशेची: दलाल मडगावचे, मुळगावकर अस्नोड्याचे. दोघंही आमचेच, भांडू नका :)

दादरकर: भांडण नाही, सत्य सांगितलं.

कसरग्रस्त: अंक लॅमिनेट करू नका. आमच्या भावाने केले, दोन पावसाळ्यांत आत बुरशी. सेलोटेपही नको, पिवळा डाग जन्मभर राहतो. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा, त्या कागद खातात. अंक आडवे ठेवा, उन्हापासून लांब. आणि विकणाऱ्याकडून घेतलेला गठ्ठा थेट कपाटात घालू नका, आधी वेगळ्या पिशवीत ठेवून कसर (कागद खाणारी कीड) आहे का बघा.

नाना ठाणे: डांबरगोळ्या ठेवा. लॅमिनेट करू नका.

खिडकीवाला: दलाल-मुळगावकर ठीक, पण 'आवाज' दिवाळी अंकाची खिडकी (पानातली झडप, उघडली की आतलं चावट चित्र दिसतं) उघडण्याची मजा कुठे? वडील दरवर्षी घ्यायचे, आई लपवायची. आता त्याच अंकांना लोक हजार-हजार सांगतात. घ्या चार-पाच हजारांचे, पस्तावणार नाही.

मुखपृष्ठवेडा: बजेट पंधराशे आहे हो.

चांदोबाप्रेमी: मग 'चांदोबा' घ्या. वड्डादि पापय्यांची मुखपृष्ठं कुठे कमी आहेत? आणि 'किशोर'चे जुने अंक तर बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत.

दादरकर: ऑनलाइन बघणं म्हणजे संग्रह नव्हे.

पेठी पुणेकर: कामाचं एक. 'दीपावली' 1945 पासूनचा, दलाल गेले 1971 साली. पुढच्या अंकावर त्यांचं नाव सांगून कोणी भाव चढवला तर आधी आतल्या पानावर सन बघा. फोटोवरून पैसे पाठवू नका, मागचं पान हमखास गायब असतं.

नाना ठाणे: फोटोवरून घेऊ नका.

मुखपृष्ठवेडा: सगळ्यांचे आभार. फोटो बघूनच एक 'दीपावली' घेतला, सातशेला. मुखपृष्ठ नाहीच, पण आतली दलालांची रंगीत चित्रं शाबूत आहेत. मला तीच जास्त आवडली.

पेठी पुणेकर: मुखपृष्ठाशिवाय सातशे!! धाग्याचं शीर्षक तरी बदला.

खिडकीवाला: उरलेल्या आठशेत एखादा 'आवाज' बसतोय का बघू? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.