मदत हवी आहे: इंग्रजीतला 'इट' आईला कसा समजावू?

नमस्कार मंडळी,

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची. आता निवृत्त आहे. ताईच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी ती इंग्लंडला जाणार आहे, म्हणून रोज संध्याकाळी आम्ही दोघी इंग्रजीची वही घेऊन बसतो. काळ, प्रश्नार्थक वाक्यं तिने भराभर उचलली. गाडी अडलीय ती 'इट'वर.

पहिल्याच दिवशी 'इट इज रेनिंग' आलं. आईने 'इट'खाली लाल रेघ मारली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "पडणारं कोण?" क्रियापदाला 'णारा' लावून 'कोण' विचारलं की कर्ता सापडतो, हे तिने इतकी वर्षं शिकवलेलं. मी म्हटलं, पाऊस. "मग 'इट' म्हणजे पाऊस?" नाही. "आभाळ?" तेही नाही. "मग तो वाक्यात करतोय काय?" मी गप्प.

उत्तर तिनेच काढलं. दोन दिवसांनी सकाळी चहा गाळताना म्हणाली, "अगं, 'उजाडलं'मध्ये तरी उजाडणारं कोण असतं?" उजाडलं, सांजावलं, मळमळतंय ही भावकर्तृक क्रियापदं. क्रियेचा भाव हाच कर्ता, आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात. इंग्रजीला साध्या विधानात कर्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून तिथे 'इट' बसतो. दारावर बाई आहे की पुरुष हे माहीत नसताना आपण "कोण आलंय?" म्हणतो, ते 'हू इज इट?' म्हणतात. हे तिला इतकं आवडलं की दिवसभर उदाहरणं शोधत होती.

पुढचं सोपं गेलं. 'इट वॉज रवी हू ब्रोक द कप' म्हणजे 'कप रवीनेच फोडला', 'इट'चं सगळं काम आपला 'च' करतो. 'इट इज गुड दॅट यू केम' म्हणजे 'तू आलीस ते बरं झालं'. व्हिडिओ कॉलवर ताईचा मुलगा बागेत मित्राला हात लावून 'यू आर इट!' ओरडला, तर आई लगेच म्हणाली, "तुझ्यावर राज्य!"

आता जिथे अडलोय ते सांगते. खुर्चीला ती अजून 'शी' म्हणते, ते सवयीने जाईल. पण 'फ्रिजमध्ये दूध नाही'चं ती 'इट इज नो मिल्क इन द फ्रिज' करते. नवी साडी पहिल्यांदा दाखवताना 'धिस' न म्हणता 'इट इज कॉटन' म्हणते. चूक आहे हे मला ऐकून कळतं, कारण सांगता येत नाही, आणि आईला कारण लागतं. कोणी शिकवणारं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो. आईंना एवढंच विचारायला सांगा: ही वस्तू बोलण्यात आधी आली आहे का? 'तुझं एक पत्र आलंय' इथे पत्र पहिल्यांदाच येतंय, म्हणून 'देअर इज अ लेटर फॉर यू'. मग 'ते टेबलावर आहे', इथे ते ओळखीचं झालं, म्हणून 'इट इज ऑन द टेबल'. दूध आहे की नाही हीच बातमी असेल तर 'देअर'. साडीचंही तसंच. बोट दाखवून ओळख करून देताना 'धिस', त्यानंतर तिच्याबद्दल कितीही बोला, 'इट'.

आणि त्या मराठीच्या शिक्षिका आहेत म्हणून हेही सांगतो. जुन्या इंग्रजीत 'इट'चं रूप 'हिट' होतं आणि त्याची षष्ठी 'हिज', म्हणजे पुल्लिंगाचीच. आपल्याकडे 'तो' आणि 'ते' दोघांचं 'त्याचा' होतं ना, तस्संच. वेगळं 'इट्स' सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलं. १६११च्या इंग्रजी बायबलातही निर्जीव वस्तूंना सर्रास 'हिज' आहे.

धागाकर्ती:

खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं. तिने वहीत लिहिलं, 'देअर इज अ सारी इन द कपाट. इट इज कॉटन.' कपाटाचा शब्द उद्या देते. 'त्याचा'वाला परिच्छेद मात्र तिने दोनदा वाचायला लावला.