ओत्रांतो : समुद्रकाठचे गाव, एक दिवस पुरेल का?

चांदणवेल (प्रश्न)

नमस्कार. येत्या मे महिन्यात आईला घेऊन दक्षिण इटलीला जाण्याचा बेत आहे. मुक्काम लेच्चे येथे असून तेथून ओत्रांतोला जाऊन यावे, असे मनात आहे. आईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आहे. त्यामुळे नुसते निळे पाणी आणि पांढरी घरे दाखवून तिचे समाधान होणार नाही. प्रवासी पुस्तिकांत "इटलीचे पूर्वेचे टोक" आणि "तुर्कांचा हल्ला" यापलीकडे फारसे काही सापडत नाही. तेथे नेमके काय पाहावे आणि किती वेळ ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

किनारवाट

आपल्या मातोश्रींना सर्वांत आधी कथीड्रलमध्ये घेऊन जा, आणि तेथे किमान दोन तास राखून ठेवा. १०८८ साली पावन केलेल्या या चर्चची खरी संपत्ती भिंतींवर नसून पायाखाली आहे. पांतालेओने नावाच्या साधूने ११६३ ते ११६५ या काळात, म्हणजे उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांच्या राजवटीत, संपूर्ण जमीनभर रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांचे मोझेक घडवले. मुख्य दारातून आत शिरताच दोन हत्ती दिसतात आणि त्यांच्या पाठीवरून एक प्रचंड वृक्ष वर चढत थेट वेदीच्या दिशेने जातो. त्याच्या फांद्यांमध्ये आदम आणि हव्वा आहेत, नोहाची नौका आहे, बाबेलचा मनोरा आहे. आणि त्यांच्याच शेजारी दोन पंखधारी प्राण्यांच्या आधाराने आकाशात निघालेला सिकंदर आणि बोकडासारख्या जनावरावर स्वार झालेला राजा आर्थरही आहे. बायबल, ग्रीक जगातील आख्यायिका आणि उत्तरेकडील दंतकथा एकाच झाडाला लगडलेल्या पाहिल्या, की हे बंदर किती दिशांच्या माणसांचे होते, ते वेगळे सांगावे लागत नाही.

बारा महिन्यांची बारा वर्तुळे मात्र घाईत ओलांडू नका. प्रत्येकात त्या महिन्याची रास आणि त्या महिन्याचे काम आहे. कोणी गहू कापतो आहे, कोणी द्राक्षे तुडवतो आहे. गुडघे टेकून पाहिले तर द्राक्षे तुडवणाऱ्याची उचललेली पोटरी मोजक्या दगडांत कशी वळवली आहे, ते दिसते. माझ्या मते पांतालेओनेचा हात राजांपेक्षा या कष्टकऱ्यांमध्ये अधिक रमला आहे. प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो, म्हणून वेळा आधी पाहून ठेवा. खाली तळघरातील स्तंभांच्या दालनातही जा. तेथील स्तंभशीर्षे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत, कारण त्यांतील बरीचशी जुन्या इमारतींतून आणलेली आहेत.

बुरूजप्रेमी

किनारवाट यांनी मोझेकचे वर्णन उत्तम केले आहे, परंतु १४८० शिवाय ओत्रांतो अपुरे राहते. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस तुर्की सुलतानाचा सेनापती गेदिक अहमद पाशा याचे आरमार येथे उतरले, सुमारे दोन आठवड्यांच्या वेढ्यानंतर गाव पडले आणि १४ ऑगस्ट रोजी मिनर्व्हा टेकडीवर आठशेहून अधिक पुरुषांचा शिरच्छेद झाला. धर्मांतरास नकार दिल्यामुळे हे घडले, असे परंपरा सांगते. काही इतिहासकारांना मात्र हे कारण नंतरच्या लेखनात अधिक ठळक झालेले वाटते. इतिहासाच्या शिक्षिकेला हा वाद नक्कीच आवडेल. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी या सर्वांना संतपद दिले.

मे १४८१ मध्ये सुलतान दुसरा मेहमद मरण पावला, तुर्की शिबंदीला कुमक मिळेनाशी झाली आणि सप्टेंबरमध्ये गाव परत घेतले गेले. आज दिसणारा किल्ला हा त्यानंतरचा, तोफांचा धडा घेऊन बांधलेला आहे. गोल, बुटके, जाड बुरूज आणि खोल खंदक पाहताना मातोश्रींना हे आवर्जून सांगा. जुन्या वस्तीतील सान पिएत्रो हे छोटे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या धाटणीचे, चर्चही चुकवू नका. ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतो आहे, असे तेथील भित्तिचित्र या गावातील सर्वांत जुन्या चित्रांपैकी आहे आणि त्यावरील अक्षरे ग्रीक आहेत.

चांदणवेल

आपणा दोघांचे मनापासून आभार. त्या हुतात्म्यांच्या अस्थी कथीड्रलमध्येच ठेवल्या आहेत, असे वाचले. आईला ते दृश्य फार जड जाईल का?

किनारवाट

अस्थी उजवीकडील एका स्वतंत्र कक्षात, वेदीमागे काचेच्या उंच कपाटांत आहेत, आणि कवट्या अगदी समोर दिसतात. त्यांना आधी कल्पना द्या. नको वाटल्यास तेथे न जाताही बाकीचे सर्व नीट पाहता येते.

दीपस्तंभ

दोन दिवस मिळत असतील तर दुसरी सकाळ पुंता पालाशा येथे काढा. इटलीच्या मुख्य भूमीचे हेच सर्वांत पूर्वेचे टोक. सुमारे ७० किलोमीटरची सामुद्रधुनी ओलांडली की पलीकडे अल्बानिया, आणि हवा स्वच्छ असली तर तेथील डोंगरांची रेघ दिसते. शतकानुशतके बायझंटाइन, नॉर्मन आणि तुर्क याच पाण्यातून का आले-गेले, ते त्या कड्यावर उभे राहिल्यावर डोळ्यांनाच कळते. परतताना बंद पडलेल्या बॉक्साइट खाणीतील हिरवे तळेही वाटेवरच आहे. भोवतीची माती गर्द तांबडी आहे, त्यामुळे पांढरे बूट घालू नका. लेच्चेहून रेल्वेने येत असाल तर बहुतेक वेळा माल्ये येथे गाडी बदलावी लागते, आणि रविवारी फेऱ्या कमी असतात.