कर्बेरॉसच्या निर्यातबंदीने नेमकं काय साधलं?

कळफलक
एमआयटीच्या कर्बेरॉसचं, म्हणजे नेटवर्कवर ओळख पटवून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन ४ १९८९ साली खुलं झालं, पण कोड अमेरिकेबाहेर पाठवायची सोय नव्हती. एन्क्रिप्शन तेव्हा युद्धसामग्रीच्या यादीत. फक्त ओळख पटवणाऱ्या सॉफ्टवेअरला सूट होती, पण ती कर्बेरॉसला मिळेना, कारण त्यातली डीईएस (तेव्हाची प्रमाण एन्क्रिप्शन पद्धत) लायब्ररी कुठल्याही प्रोग्रॅमला वाटेल तो मजकूर एन्क्रिप्ट करून देत होती. म्हणून 'बोन्स' ही छाटलेली आवृत्ती काढली. त्यातून डीईएस तर गेलंच, डीईएसला कॉल करणाऱ्या ओळीही गेल्या, कारण नुसती जागा मोकळी ठेवली तरी नियमाच्या कचाट्यात सापडायची भीती. सुरक्षितता शून्य! पुढे ऑस्ट्रेलियात एरिक यंग यांनी डीईएस पुन्हा बसवून 'ई-बोन्स' केलं. बंदी तिथेच निकालात निघाली. नंतरचं सगळं कागदी घोडे नाचवणं.

दशांश
साफ चूक. नेम जाणकारांवर नव्हताच. सोर्स उतरवून, कंपाइल करून केडीसी (कर्बेरॉसची तिकिटं देणारा सर्व्हर) उभा करणारे असे कितीसे? रोख होता तयार मालावर, आणि तिथे बंदी चांगलीच चालली. नेटस्केप ब्राउझरची परदेशी आवृत्ती ४० बिटांच्या कमजोर किल्लीची होती. विंडोज २०००लासुद्धा १२८ बिटांसाठी वेगळा पॅक टाकावा लागायचा. सरकारला वेळ हवा होता, तो मिळाला.

उलटतपासणी
मिळाला ना, पण भुर्दंड कोणाला? ४० बिटांचं आरसी४ एन्क्रिप्शन १९९५ मध्येच फ्रान्समध्ये आठेक दिवसांत फुटलं. आणि २०१५चा 'फ्रीक' हल्ला बघा: मधल्या हल्लेखोराने हँडशेकमध्ये (जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीत) निर्यातीसाठीची ५१२ बिटांची कमजोर आरएसए किल्ली मागायची, सर्व्हरने ती द्यायची, आणि क्लायंटने आपण न मागितलेली किल्ली मुकाट घ्यायची. ही बंदीचीच पिलावळ.

दशांश
नियम जानेवारी २००० मध्येच सैल झाले. त्यापुढे पंधरा वर्षं तो कोड कोणी उपटला नाही, हा आळस कायद्याच्या माथी कशाला? पुढे खुल्या सोर्सला एक ईमेल पाठवली की झालं, आणि २०२१ पासून बहुतेक वेळा तीही लागत नाही.

टिंबटिंब
आपल्याकडची तऱ्हा विसरू नका. आयएसपींच्या (इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या) जुन्या परवान्यात ४० बिटांची मर्यादा होती, त्यावर जायचं तर परवानगी घ्या आणि किल्ली जमा करा. तिकडे रिझर्व्ह बँक २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगला १२८ बिटांचं एसएसएल (वेबवरची जोडणी एन्क्रिप्ट करणारी पद्धत) सुचवते. तेव्हा दोन्ही नियम एकदम पाळून दाखवायचे कसे!

उलटतपासणी
@दशांश, आळस मान्य. पण बंदी नसती तर उपटायला तो कोड असताच कशाला? स्वीडनच्या केटीएच विद्यापीठाला कर्बेरॉस व्हर्जन ५ नव्याने, 'हाइमडाल' म्हणून, लिहावं लागलं. दुप्पट काम.

कळफलक
ते मात्र फुकट गेलं नाही, सांबा (विंडोजशी फाइलींची देवाणघेवाण करणारं खुलं सॉफ्टवेअर) आजही हाइमडाल सोबत घेऊन येतं. पण डीईएस इतकं टिकलं त्याचं खापर निर्यातबंदीवर फोडू नका. व्हर्जन ५च्या १९९३च्या मानकातच ते सक्तीचं होतं. एमआयटीने आपल्या कर्बेरॉसच्या १.१८ आवृत्तीत ते काढून टाकलं, तेव्हा जुन्या रियल्म (कर्बेरॉसच्या एकेका संस्थेच्या हद्दी) अडकल्या, कारण सेटिंग बदललं तरी साठवलेल्या किल्ल्या बदलत नाहीत. अपग्रेडआधी केअॅडमिन या व्यवस्थापनाच्या साधनात गेटप्रिंक कमांडने एकेक प्रिन्सिपल (युजर किंवा सर्व्हिसचं खातं) तपासा. नुसती डीईएस किल्ली असेल तर युजरला पासवर्ड बदलायला लावा. सर्व्हिसची किल्ली नव्याने काढून कीटॅब (किल्ल्यांची फाइल) लगेच पोचवा, नाहीतर किल्लीचा व्हर्जन नंबर जुळत नाही आणि लॉगिन बंद पडतं. केआरबीटीजीटीची (केडीसीच्या स्वतःच्या तिकीट-खात्याची) किल्ली बदलताना जुनी किल्ली राखणारा 'कीपओल्ड' पर्याय विसरलात, तर पुढची तिकिटं मिळवून देणारी सगळी चालू मूळ तिकिटं एका फटक्यात बाद.