परवडणारी रिअर व्हील ड्राइव्ह कूपे: वाट पाहिली, घेतली, विकली... तुमचे अनुभव लिहा

नवीन छोटी कूपे (दोन दारांची स्पोर्टी गाडी) येणार, मागच्या चाकांवर चालणारी आणि सामान्य नोकरदाराला जमेल अशी, असं कुठे नुसतं वाचलं तरी माझा जीव वरखाली व्हायला लागतो. २००९ च्या तोक्यो मोटर शोमध्ये टोयोटाने एफटी-८६ ही लाल कॉन्सेप्ट, म्हणजे नुसती नमुना गाडी, दाखवली तेव्हापासूनचं हे आहे. तो फोटो मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला तो २०१२ साली खरी गाडी, म्हणजे टोयोटा ८६ (काही देशांत जीटी८६), रस्त्यावर येईपर्यंत काढला नाही. मधल्या काळात आम्ही चार मित्र एकाच गोष्टीवर भांडत होतो, ताकद किती असणार. कोणी म्हणे टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) हवाच, कोणी म्हणे २५० अश्वशक्तीच्या खाली आली तर मी बघणारसुद्धा नाही. आली तेव्हा २०० पीएस (अश्वशक्ती) निघाली, तीही ७००० आरपीएमला, टर्बो नाही, आणि दोन मित्र तिथेच गळाले.

मी मात्र चालवायला गेलो. पहिली दहा मिनिटं खरं सांगतो निराशाच झाली, कारण साधारण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या मध्ये टॉर्कमध्ये (इंजिनच्या ओढण्याच्या जोरात) एक खड्डा आहे, पाय दाबावा आणि गाडीने ऐकूच नये असं वाटतं. मग वळणांचा रस्ता लागला आणि माझं मत बदललं. इंजिन सुबारूचं, आडवं झोपलेलं बॉक्सर, म्हणून वजन खूप खाली आणि मागे सरकवलेलं, पुढे-मागे वाटणी ५३:४७. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच आत येतं, आधी कलंडून मग वळतेय असं होत नाही. आम्ही दोन वर्षं ज्या आकड्यावर भांडलो त्याचा या अनुभवाशी फार थोडा संबंध होता.

तर तुमचे अनुभव हवेत. आकडे सगळ्यांनाच पाठ आहेत, खुर्चीत बसल्यावर काय झालं ते लिहा. न घेण्याची कारणंही लिहा, तीही तेवढीच महत्त्वाची.

*

मी त्या गळालेल्यांपैकी, म्हणजे तुमच्या ओळखीचा नाही पण त्याच पंथाचा. चालवून बघूनच नाही म्हटलं. तीन मोठी माणसं गाडीत, चढाचा रस्ता, पुढे ट्रक, आणि ओव्हरटेक करायला दोन गिअर खाली उतरून इंजिन किंचाळवायचं, हे रोज कोण करणार. माझी तेव्हाची पुढच्या चाकांवर चालणारी टर्बो हॅचबॅक तेच काम न बोलता करायची. आणि माझं म्हणणं बरोबर होतं हे कंपनीनेच दाखवून दिलं ना, २०२१ साली दुसरी पिढी आली ती २.४ लिटरची, २३५ पीएस, आणि मुख्य म्हणजे टॉर्क २०५ वरून २५० न्यूटन मीटर, तोही ६४०० ऐवजी ३७०० आरपीएमला. शून्य ते शंभर ७.६ सेकंदांवरून ६.३. जे आम्ही ओरडून सांगत होतो तेच केलं, फक्त नऊ वर्षं लावली. पुढची येईल तिच्यात छोटा टर्बो असला तर मी पहिल्या रांगेत असेन.

*

टर्बोवाल्यांना माझा अनुभव सांगतो. मी माझ्या पहिल्या पिढीच्या गाडीला बाहेरून टर्बो किट बसवून घेतलं. पहिला महिना स्वर्ग. मग क्लच घसरायला लागला म्हणून तो बदलला, मग ब्रेक कमी पडायला लागले, मग तेल तापतं म्हणून ऑइल कूलर, मग पुढे वजन वाढलं म्हणून सस्पेन्शन परत सेट केलं, आणि वर्षभराने माझ्या लक्षात आलं की मी एक चांगली हलकी गाडी घेऊन तिची एक मधलीच जड गाडी करून ठेवलीय. किट काढलं. १२.५:१ कॉम्प्रेशनचं इंजिन आहे ते, म्हणजे आत हवा आधीच खूप दाबली जाते, टर्बोशिवाय मोकळा श्वास घ्यायलाच बनवलेलं. पहिल्या गाडीचे मुख्य इंजिनिअर तेत्सुया तादा यांची भूमिकाच होती, टर्बो नको, चारही चाकांना ताकद नको, चिकट रुंद टायर नकोत. मला तेव्हा ती काटकसर वाटली होती. एक गोष्ट वाढवली की तिच्यामागे पाच वाढवाव्या लागतात हे स्वतःचे पैसे गेल्यावर कळलं.

*

मी या गाडीवर गाडी चालवायला शिकले असं म्हणेन, लायसन्स मिळून अकरा वर्षं झाली होती तरी.

एका ट्रॅकवर ओल्या गुळगुळीत पृष्ठभागावर शिकवतात, तिथे गेले होते. आधी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी दिली. वेगात वळवली, पाय दाबला, ती सरळच जात राहिली. शिकवणारे सर म्हणाले की पुढच्या टायरकडे पकड ठरावीक असते, वळवायलाही तीच आणि ओढायलाही तीच, तुम्ही सगळी ओढण्यात संपवलीत तर वळायला काय उरणार. मग कूपे दिली. तिच्यात पुढची चाकं फक्त वळतात, ढकलायचं काम मागच्यांचं, शिवाय पाय दाबला की वजन मागे जातं आणि मागच्या टायरना जास्त पकड मिळते. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या चार फेऱ्यांत मी चारदा गोल फिरले. चूक एकच, मागचा भाग सुटायला लागला की घाबरून पाय पूर्ण काढायचा. पाय काढला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि उरलीसुरली पकडही जाते. पाय तसाच थोडा ठेवायचा, नजर जायचंय तिकडे आणि हात नजरेच्या मागे. पाचव्या फेरीत गाडी आडवी गेली, मी हात उलटे वळवले, ती थांबली, सरळ झाली, आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले. वेग किती होता, ताशी चाळीस.

अरुंद टायरचा मुद्दा मला तेव्हा समजला. पहिल्या पिढीला २१५ रुंदीचे साधे टायर होते, त्यावर लोक नाकं मुरडायचे. पण पकड कमी म्हणजे गाडीची मर्यादा कमी वेगातच भेटते, आणि कमी वेगात चुका करूनच माणूस शिकतो. ज्या गाडीची मर्यादा ताशी १६० ला भेटते तिच्यावर मी काय शिकणार होते? पावसात रस्त्यावर मात्र इलेक्ट्रॉनिक मदत कधीही बंद करत नाही, कोणी करू नये.

*

घेतली, चार वर्षं वापरली, विकली. मुलगी झाली. मागची सीट आहे म्हणतात, तिच्यात लहान मुलाची खुर्ची बसते पण मग पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागते की बायकोचे गुडघे डॅशबोर्डला. मूल ठेवताना आणि काढताना दोन्ही वेळा कंबर दुखायची. पण मागची सीट एकदम सपाट पडते आणि चार सुटी चाकं मावतात, दुसऱ्या टायरचा सेट घेऊन ट्रॅकवर जायचं आणि त्याच गाडीने घरी यायचं, हे मी कितीतरी रविवारी केलंय. विकली त्या दिवशी घेणाऱ्या मुलाला चावी देताना हात जड झाला होता. मुलगी आता सात वर्षांची आहे. मी हिशोब करतोय.

*

थोडं वेगळं मत. छत उघडणारी चालणार असेल तर एवढी वाट बघायचीच गरज नाही, मियाटा आहे. १९८९ पासून तीच, म्हणजे माझदा एमएक्स-५, तेच करतेय जे आपण दर नव्या कूपेकडून मागतो, पुढे इंजिन, मागे ड्राइव्ह, हलकी, आणि २०१६ पर्यंत दहा लाखांच्या वर बनल्या. त्यांचा एक शब्द आहे, जिनबा इत्ताइ, घोडा आणि स्वार एक. माझ्याकडे पहिल्या पिढीची १.६ आहे, हेडलाइटचे डोळे उघडझाप करणारी. ताकद विचाराल तर आजच्या कुठल्याही फॅमिली गाडीएवढी किंवा कमीच. पण तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ताकद वापरून वळणातून बाहेर पडतो आणि तरीही कायद्यात असतो, हे सुख मोठ्या गाडीवाल्याला नाही. कूपेच का हवी म्हणाल तर कडक छत, थोडं सामान, रात्री बाहेर उभी करायची काळजी कमी, हे मान्य.

*

मूळ ८६ कोणी चालवलीय का? मी चालवलीय, मामाची. टोयोटाचीच एई८६, १९८३ ते ८७ मध्ये बनली, कोरोला लेविन आणि स्प्रिंटर ट्रुएनो. त्यावरूनच हाचि-रोकु, आठ-सहा. १.६ लिटर ट्विन कॅम, वजन टनाच्या आत, मागे सरळ एकसंध अ‍ॅक्सल. आज तिच्या नावाने लोक हळवे होतात पण ती त्या काळी साधी कोरोलाच होती, पोरं सेकंडहँड घ्यायची, रात्री डोंगरात घासायची. मामा म्हणायचा की गाडी फार मौल्यवान नव्हती म्हणूनच आम्ही शिकलो. आता तिची किंमत अशी झालीय की मामा ती पावसात बाहेर काढत नाही. नव्या कूपेबद्दल माझी एकच मागणी आहे, ठोकली तर रडू येईल पण घर विकावं लागणार नाही एवढीच महाग असावी.

*

२०१३ निसान आयडीएक्स. २०१५ टोयोटा एस-एफआर, ती पिवळी, चार मीटरच्या आतली. दोन्ही तोक्योत दाखवल्या, दोन्ही आल्या नाहीत. मी दोन्हींसाठी पैसे बाजूला काढले होते. आता कॉन्सेप्ट बघून खूश होणं सोडलंय, प्रॉडक्शनची गाडी दिसेपर्यंत मला कोणी सांगू नका.

*

"परवडणारी" या शब्दावर थोडं. विकत घेणं हा एक भाग झाला. मागचे टायर तुमच्या पायावर अवलंबून, माझे पहिले चौदा हजार किलोमीटरमध्ये संपले. विम्यात दोन दारं आणि स्पोर्ट्स हे शब्द दिसले की हप्ता वाढतो. स्पार्क प्लग बदलायला वेळ लागतो कारण बॉक्सरमध्ये ते बाजूला असतात आणि तिथे हात घालायला जागा नाही, म्हणजे मजुरी जास्त. एवढं धरूनही या मजेच्या बाकी गाड्यांपेक्षा स्वस्तच पडली. मायलेज मला ठीक मिळालं.

*

धागाकर्ता परत. टर्बो किटचा अनुभव आणि ओल्या ट्रॅकचा, दोन्ही मी दोनदा वाचले. पहिल्या टर्बोवाल्या मित्रा, टॉर्कचं तुझं म्हणणं मला मान्य आहे, खड्डा भरायलाच हवा होता. पण तो त्यांनी इंजिन मोठं करून भरला, टर्बो न लावता, आणि वजन जवळपास तेवढंच ठेवलं, हे पण बघ.

मला भीती वेगळीच आहे. युरोपात दुसरी पिढी जेमतेम दोन वर्षं विकली गेली आणि २०२४ मध्ये नव्या सुरक्षा नियमांमुळे बंद झाली, लोक रांगेत असताना. म्हणजे गाडी चांगली असून, घेणारे असूनही थांबू शकते. आम्ही चौघांत भांडणारे चार होतो आणि घेणारा एक. पुढची आली तर आकडा आवडला नाही म्हणून थांबू नका एवढंच कळकळीने सांगतो, एकदा वळणावर नेऊन बघा.

*

पहिल्यांदाच लिहितोय, हे सगळं वाचून राहवलं नाही. उद्या सकाळी २०१३ ची मॅन्युअल बघायला जातोय, दुसरा मालक, किट वगैरे काही लावलेलं नाही म्हणतो. थंड इंजिन असतानाच सुरू करून बघायचं ठरवलंय, मग क्लच, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर न खरखरता पडतो का), मागून डिफरन्शिअलचा (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) आवाज, टायर चारही एकसारखे झिजलेत का, खालून कुठे घासलीय का, आणि तेल बदलल्याच्या नोंदी. ट्रॅकवर किती गेलीय ते स्पष्टच विचारणार. अजून काय बघू, रात्री अकरापर्यंत जागा आहे.