डिपॉझिट परत मिळालं का? कुलूप बदललं गेलं का? तुमचे अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात वाकडचा टू बीएचके सोडला. तीन वर्षं राहिलो, भाडं एकदाही ५ तारखेच्या पुढे गेलं नाही. डिपॉझिट ७५ हजार होतं. ओनरनी हिशोब पाठवला त्यात पेंटिंगचं म्हणून एक महिन्याचं भाडं म्हणजे २४ हजार, डीप क्लीनिंग ६ हजार, गीझर ९ हजार, आणि "इतर" म्हणून ५ हजार. हातात येणार ३१. करारात पेंटिंगबद्दल एक ओळ नाहीये, ओनर म्हणतात पुण्यात पद्धतच आहे. गीझर तर आम्ही आलो तेव्हापासूनच गळत होता. तीन वर्षात भिंतीचा रंग जरासा उतरणारच ना, घर वापरल्याची ती खूण आहे, त्याला नुकसान कसं म्हणायचं? आमचेच पैसे मागायला जाताना उपकार मागतोय असं वाटायला लागलंय, हे जास्त लागतं. तुमच्या बाबतीत काय झालं, कसे सोडवले, ते लिहा. घरमालकांनीही लिहा प्लीज, त्यांची बाजू पण असतेच.

*

माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी कोथरूडला वन बीएचकेमध्ये राहायच्या. गणपतीला तिघी गावाला आल्या, पाच दिवसांनी परत गेल्या तर लॅच बदललेलं. मालकीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या सोसायटीची तक्रार आली, मुलं येतात, मला आता मुली ठेवायच्या नाहीत, सामान रविवारी येऊन घेऊन जा. सगळं आत, लॅपटॉप आत, परवा सबमिशन, संध्याकाळचे सात वाजलेले आणि तिघी जिन्यात बॅगांवर बसलेल्या. मी साताऱ्याहून निघाले. पोहोचेपर्यंत मुलींनी चौकी गाठली होती, तिथे आधी सांगितलं की हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. मी मोबाईलवर रजिस्टर केलेला करार उघडून दाखवला, मुदत संपायला अजून चार महिने बाकी, भाडं भरल्याचे मेसेज, मालकीणबाईंचा थम्ब असलेलं पान. मग साहेबांनी फोन लावला. रात्री साडेदहाला दार उघडलं. त्या जिन्यात शेजारच्या काकूंनी तिघींना पोहे करून दिले होते ते मी कधी विसरणार नाही. पण त्या घरात मुलींना नंतर झोप लागेना, दाराला आतून खुर्ची लावून झोपायच्या. महिनाभरात सोडलंच.

*

मी घरमालक आहे, डोंबिवली. रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून घेतलेला फ्लॅट, त्याचं भाडं हाच आमचा औषधपाण्याचा आधार. भाडेकरूनं पाच महिने भाडं दिलं नाही, डिपॉझिट दोन महिन्यांचंच होतं ते केव्हाच संपलं. करार संपला, तरी हलेना. मग दाराला स्वतःचं कुलूप लावून कुठेतरी निघून गेला, फोन बंद. मुलगा म्हणाला बाबा किल्लीवाल्याला बोलवू, तोडू. मलाही खरंच तेच करायचं होतं. वकिलांनी थांबवलं, म्हणाले आत त्याचं सामान आहे, उद्या सोनं गेलं म्हणाला तर तुम्ही काय दाखवणार. मग भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. मुदत संपल्यावरही जागा अडवली तर दुप्पट दरानं भरपाई मागता येते हे तेव्हा कळलं. आठ महिने गेले, आदेश मिळाला, पंचनामा करून कुलूप उघडलं. दुप्पट सोडा, बाकी भाड्याचा एक रुपयाही मिळालेला नाही. वरच्या ताईंच्या मुलींना जे झालं ते अगदी चूक आहे. पण प्रत्येक मालक पैशात लोळतोय असं समजू नका ही विनंती.

*

बंगळुरात तर एकेकाळी दहा महिन्यांचं ॲडव्हान्स मागायचे, मी दिलंय. सोडताना उत्तर एकच, नवीन भाडेकरू आला की त्याचं घेऊन तुम्हाला देतो. साडेतीन महिने लागले. तेवढ्यात नव्या घराच्या डिपॉझिटसाठी पर्सनल लोन काढलं, व्याज माझंच.

*

इंग्लंडमधून लिहितेय. इथे २०१९ पासून डिपॉझिट साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही (वर्षाचं भाडं ५० हजार पाउंडांच्या आत असेल तर), आणि घेतलेलं ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं. मी घर सोडलं तेव्हा मालकानं कार्पेट आणि ओव्हनचे पैसे कापायचे म्हटलं. मी नाही म्हणाले, तर योजनेकडूनच फुकट निवाडा होतो. नुकसान झालं हे मालकानं सिद्ध करायचं असतं, आणि त्याच्याकडे आम्ही राहायला आलो त्या दिवशीचा एकही फोटो नव्हता. सगळे पैसे आले. हे वाचताना सारखं वाटतंय की आपल्याकडे पैसे अशा तिसऱ्याच हातात का ठेवत नाहीत.

*

वकील आहे, पुणे. थोडं लिहितो. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. त्यामुळे ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवणारे मालक स्वतःचंच नुकसान करतात. मुदत चालू असताना कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा लावता येतो. डिपॉझिटच्या वसुलीला मुदत तीन वर्षं. वाकडवाले दादा, करारात नसलेली पेंटिंगची कपात लेखी नाकारा, व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी, फोनवर वाद घालू नका. आणि चाव्या देताना मीटर रीडिंगसकट सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा.

*

वाकडवाला. वकीलसाहेब थँक्यू. जुनं चॅट शोधलं, राहायला आल्याच्या चौथ्या दिवशी मीच गीझर गळतोय असा फोटो ओनरना टाकलेला सापडला, आणि त्यांचं "बघून घेतो" हे उत्तर. तो आज परत पाठवला. गीझरचे ९ हजार कमी करतो म्हणाले. पेंटिंगचं अजून गप्प आहेत, मी लेखी टाकलंय.

कोथरूडवाल्या ताई, तुमच्या मुलींचं डिपॉझिट मिळालं का शेवटी?

*

नाही दादा. ४० हजार होतं, २० आले, बाकीचे "लॅच खराब केलं" म्हणून ठेवले. दीड वर्ष झालं, मला वाटलं गेले आता. तीन वर्षांची मुदत असते हे इथे वाचलं आणि मुलीला लगेच फोन केला. काल तिघींनी बसून नोटिशीसाठी सगळं लिहून काढलंय. त्यात ८०० रुपये वेगळे लिहिलेत, कारण त्या रात्री दार उघडलं तेव्हा मालकीणबाईंनी नव्या लॅचचे पैसे पण मुलींकडूनच घेतले होते.